घाट्यांचा पांढरा कोट

आयरिश मुलखातल्या आमच्या ॲडम्सटाउनात मराठी डॉक्टर पुष्कळ आहेत. परंतु पांढरा कोट घालून भर रस्त्याने चालत जाणारा मराठी माणूस एकच, आणि तो डॉक्टर नाही. श्री. विनायक घाटे हे मूळचे नागपूरचे. सँट्रीच्या एका कंपनीत संगणकाच्या प्रणालीतील चुका शोधणे हा त्यांचा व्यवसाय. दर बुधवारी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकतात, गुडघ्यापर्यंत पोहोचणारा कोट चढवतात, काखेत तीन झेंडे मारतात आणि शाळेच्या मैदानाकडे निघतात.

कुलकर्ण्यांचे वडील पुण्याहून नुकतेच आले होते. त्यांनी कोट पाहिला आणि पदपथावरच घाट्यांना थांबवले.

"डॉक्टर, जिना उतरताना गुडघ्यात कळ येते हो."

घाट्यांनी वाकून गुडघा पाहिला, दोनदा मुडपून पाहिला, आणि मग ताठ उभे राहून दोन्ही हातांची डोक्यावर फुली केली.

"वाइड! बाहेर चाललाय. मुलाला दाखवा."

मुलगा हाडांचाच डॉक्टर होता. त्याने फोटो काढून तोच निष्कर्ष दिला, असे आजोबा आजही पुण्यात सांगत असतात.

येथे माझा परिचय देणे उचित होईल. मी बुलढाणा जिल्ह्यात तहसील कचेरीच्या आवारात अर्जनवीस होतो. शिक्षण परिस्थितीवशात नववीपर्यंत झाले. तथापि माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवण्याची छाती एकाही अव्वल कारकुनाला झाली नाही. पत्नी सौ. सुनंदा येथील रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली, म्हणून मी या देशात आलो. कुंपणाचा वाद असो, कचऱ्याच्या पेटीची तक्रार असो, लोक माझ्याकडे येतात. मसुदा माझा, इंग्रजी सुनंदाचे. मंडळी मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही. परंतु लोकांचे मन मोडणे माझ्या स्वभावात नाही.

तर घाटे. येथील शाळांमध्ये जो फुटबॉल खेळतात तो आपण टीव्हीवर पाहतो तो नव्हे. हा यांचा स्वतःचा, गेलिक फुटबॉल. चेंडू हातातही घेता येतो. गोलाचे दोन खांब आडव्या दांडीच्या वरही उंच गेलेले असतात. दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, अंपायर पांढरा झेंडा वर करतो. दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, हिरवा झेंडा. खांबांच्या बाहेरून गेला तर वाइड: गुण नाही, झेंडा नाही, डोक्यावर हातांची फुली. अलीकडे नियम बदलला. लांबच्या कमानीबाहेरून वरून मारला तर दोन गुण, आणि त्यासाठी नारिंगी झेंडा. ज्या दिवशी हा तिसरा झेंडा हाती आला त्या दिवशी घाट्यांनी पेढे वाटले.

"तिरंगा पुरा झाला, वकीलसाहेब! आपलाही अन् या आयरिश लोकांचाही!"

या झेंड्यांनी त्यांचा सारा संसार व्यापलेला आहे. गणपतीच्या पंगतीत ते जेवायला बसले की वाढणाऱ्या बायका धास्तावतात. सुनंदाच्या वड्यांना त्यांनी एकदा रुमाल उंचावून नारिंगी दिला होता. "लांबून मारलाय वहिनी, दोन गुण!" शेजारच्या जोशीबाईंच्या मोदकांना नुसता पांढरा मिळाला, तेव्हापासून जोशीबाई त्यांच्याशी बोलत नाहीत. घाट्यांना त्याचे काही नाही. "झेंडा बोलतो, मी नाही," एवढेच ते म्हणतात.

आमची शाळा नवी, मैदान नवे, गावही तसे नवेच. परंतु घाटे तिच्या फुटबॉलचा इतिहास असा सांगतात की पेशवाईदेखील आटोपशीर वाटावी. त्यांनी त्याचे कालखंड पाडले आहेत. पहिला खांबपूर्व काळ, म्हणजे मुले दप्तरे ठेवून त्यांचेच गोल करीत तो. दुसरा चिखलकाळ. त्यात एका मुलाचा बूट मैदानात रुतला तो अद्याप सापडलेला नाही. मग पहिला चषक, तो जिंकला त्या दिवशी शाळेला मिळालेली अर्ध्या दिवसाची सुटी, बसमध्ये घसा बसेपर्यंत गायलेली गाणी, आणि दुसऱ्या सकाळी प्राचार्यांनी ध्वनिक्षेपकावर वाचलेला निकाल. मोठ्या वर्गातली मुले जाताना आपल्या क्रमांकाची जर्सी धाकट्यांच्या हाती देतात, हा प्रसंग घाटे दर वेळी उभे राहून सांगतात. पहिल्या क्रमांकाची, म्हणजे गोलरक्षकाची, जर्सी एके काळी त्यांच्या मुलाच्या, निनादच्या अंगावर होती. निनाद आता टोरांटोला नोकरीस आहे. घाट्यांच्या पत्नी निवर्तल्याला बरीच वर्षे झाली. घरात घाटे एकटेच.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते कोटासकट माझ्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"वकीलसाहेब, अर्ज लिहा. माझा खांब चालला."

शाळेत फुटबॉलचा कारभार नव्या शिक्षिकेकडे, मिस ईफा यांच्याकडे, आला होता. त्यांनी कळवले होते की यापुढे गोलाजवळ केवळ शिक्षक अथवा शिकत असलेल्या मुलांचे पालक उभे राहतील. निनाद शाळा सोडून गेला होता. पुढच्या बुधवारचा सामना घाट्यांचा अखेरचा.

मी कागद घेतला. सुनंदाने चहा ठेवला.

"अर्जदाराचे शाळेशी नाते?" मी विचारले.

"कोट माझ्याजवळ आहे ना."

"कोट हे नाते होत नाही, घाटे."

"चष्मा लागत नाही मला. पावसातही दांडी दिसते. अन् मागच्या अंपायरनं ढेकर देताना गोल हुकवला होता, ते लिहा."

"दुसऱ्याच्या ढेकरावर आपला अर्ज उभा राहत नाही. खरे कारण सांगा. कारण लंगडे असले की अर्ज पहिल्याच टेबलावर बसतो."

घाट्यांनी कप खाली ठेवला. "झेंडा बोलतो, मी नाही," ते हळूच म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

कारण कागदावर येत नसेल तर स्थळपाहणी करावी, हा माझा जुना शिरस्ता. बुधवारी मी मैदानावर हजर झालो आणि गोलामागच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. वारा असा, की माझी माकडटोपीही हतबल झाली. उजव्या खांबाशी घाटे, पुतळ्यासारखे. चेंडू दूर पलीकडच्या गोलापाशी होता. तेवढ्यात पुतळ्याने, मान न वळवता, नजर मैदानावर ठेवून तोंड उघडले.

"डिड यू ईट, ओशीन?"

गोलरक्षकाने मान वळवली नाही. "टोस्ट," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, तसाच समोर पाहत, "गणिताचा पेपर वाईट गेला. घरी सांगितलं नाही अजून." सारे इंग्रजीतच, परंतु एवढे इंग्रजी मला कळते.

"आज सांग," घाटे म्हणाले. "जेवणाआधी. नंतर अन्न जात नाही."

"ग्रँड," मुलगा म्हणाला. येथे 'बरं' पासून 'उत्तम' पर्यंत सारे ग्रँडच असते. इतक्यात चेंडू आला, त्याने झेप घेतली, चेंडू बोटांना चाटून जाळ्यात गेला. घाट्यांनी क्षणाचाही विलंब न लावता हिरवा झेंडा उंच केला, आपल्याच शाळेविरुद्ध. झेंडा खाली येताना मात्र ते पुटपुटले, "पुढचा अडव रे," आणि हे मराठीत होते.

मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. अंपायर आपल्या जागी राहतो, म्हणून घाट्यांजवळ आता पाहुण्या शाळेचा गोलरक्षक आला. चेंडू लांब जाताच घाट्यांनी त्यालाही विचारले, "डिड यू ईट?"

परतताना मी काही विचारले नाही. घाटे आपणहून बोलले. झेंडे काखेत होते आणि नजर रस्त्यावर.

"घरी निनाद दार लावून बसायचा. मी मराठीत विचारायचो, तो म्हणायचा, फाइन. पोरगा कसा आहे, मला ठाऊकच नव्हतं, वकीलसाहेब. मग शाळेला अंपायर पाहिजे होता. चेंडू तिकडं गेला की कीपरला काम नसतं. दोघांनी समोर पाहायचं, एकमेकांकडं नाही. अन् तो बोलायला लागला. आईबद्दलसुद्धा. अर्धा सामना मिळायचा मला, पण मिळायचा."

"आणि आता?"

"आता फोनवर चेहरा दिसतो त्याचा. अगदी समोरासमोर. मी विचारतो, कसा आहेस. तो म्हणतो, फाइन."

त्या रात्री मी अर्ज पूर्ण केला. नात्याच्या जागी लिहिले: 'अर्जदार हा गोलरक्षकांच्या बाजूस उभा राहणारा इसम आहे.' सुनंदाने त्याचे इंग्रजी केले आणि ती बराच वेळ डोळे पुसत होती. मिस ईफा यांनी स्वतः घरी येऊन सांगितले की अर्ज ग्रँड आहे, असा अर्ज शाळेला कधी आला नव्हता. परंतु नियम सर्वांना सारखा. कोट मात्र श्री. घाटे यांनी ठेवून घ्यावा. या देशात माझा फेटाळला गेलेला हा पहिला अर्ज. मला दोन दिवस जेवण गेले नाही.

घाट्यांनी ऐकले आणि हातांची डोक्यावर फुली केली. "वाइड," म्हणाले. हसण्याचा प्रयत्न त्यांना साधला नाही.

तेव्हा मला तहसील कचेरीची पायरी आठवली. माणसे मला जे सांगत ते सख्ख्या भावाला सांगत नसत. मी आजवर याचे श्रेय माझ्या अधिकाराला देत आलो होतो. वस्तुतः मी मान खाली घालून लिहीत असे, आणि ती कागदाकडे पाहत बोलत, एवढेच.

"घाटे," मी म्हणालो, "फोनचे तोंड फिरवा."

रविवारी शाळेचे मैदान सर्वांना खुले असते. त्या दुपारी सुनंदा आणि मी फिरत तिकडून गेलो. मैदानावर चिटपाखरू नव्हते. उजव्या खांबाशी पांढरा कोट उभा होता. खांबाच्या बुडाशी, विटेला टेकवून, फोन ठेवला होता. त्याचा डोळा, म्हणजे टोरांटोच्या निनादची नजर, रिकाम्या मैदानाकडे. घाटेही तिकडेच पाहत होते. शब्द आमच्यापर्यंत पोहोचत नव्हते. मधूनच घाटे मान हलवीत, काही विचारीत, पुन्हा ऐकत राहत. ऐकणेच अधिक होते.

सुनंदा म्हणाली, "चला, आपण नको थांबायला."

कोपऱ्यावर वळताना मी एकदा मागे पाहिले. त्या ओसाड मैदानात कुणीही चेंडू मारला नव्हता, आणि घाट्यांनी हिरवा झेंडा उंच धरला होता.