पुढील तपासणीची तारीख

रविवारी सकाळी धम्मरत्नने माशांच्या टाकीतला प्रोब बाहेर काढला, कारण त्याच्यावरच्या स्टिकरची तारीख उलटली होती. चाकणच्या कंपनीत तो मोजमापाची उपकरणं तपासायचा आणि ती खोड थेरगावच्या फ्लॅटमध्येही घेऊन यायचा. वजनकाटा, थर्मामीटर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांना त्याने हिरवं स्टिकर लावलं होतं. "मी आणि आई तेवढ्या राहिलोय," त्याची बायको दीक्षा म्हणायची.

हा प्रोब पाण्याचा खारटपणा मोजायचा. हजारात पस्तीस भाग मीठ म्हणजे समुद्र, आणि समुद्र असेल तरच टाकीतली नारिंगी पट्ट्यांची जोडी जगणार. वर्षभर त्या जोडीला त्याने तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं.

प्रोब गोड्या पाण्यात खळखळून धुतला. "आधी धुवायचा, मग मोजायचं. नाहीतर मागचं मीठ पुढच्या मापात येतं," तो आईला म्हणाला. भिमाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी दापोडीत बावीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला होता, पण चमचा धुण्यावर त्यांना कोणी भाषण दिलं नव्हतं.

मग नेमक्या पस्तीस खारटपणाच्या तयार द्रावणाची बाटली आली. प्रोब त्यात बुडवून धम्मरत्नने आकडा पस्तीसवर बसवला आणि धुऊन टाकीत सोडला. आकडा आला एकतीस.

"बाप रे, पाणी अळणी झालंय," असं म्हणून त्याने मीठ विरघळवून आकडा पस्तीस होईपर्यंत टाकीत ओतलं. तासाभरात दोन्ही मासे दगडामागे जाऊन धापा टाकू लागले.

"काल तर खेळत हुते," भिमाबाई म्हणाल्या. "तुझी बाटलीच चुकली आसंल."

"आई, ते मास्टर द्रावण आहे. लॅबचं सर्टिफिकेट आहे त्याला. मास्टरवर शंका घ्यायची नसते."

"किती येळा वापरलंस?"

"आज दुसऱ्यांदा."

"मग इतकी खाली का गेली?"

धम्मरत्नने बाटली उजेडात धरली. झाकण सहा महिने सैलच राहिलं होतं. पाणी उडून गेलं होतं आणि मीठ जागेवर होतं. म्हणजे बाटलीतला समुद्र चांगलाच आटला होता.

आता खरं काय ते कळायचं कसं? भिमाबाईंनी वजनकाटा ओढला. पस्तीस ग्रॅम मीठ, बाकी पाणी, मिळून एक किलो. मग बोट बुडवून त्यांनी ते चाखलं, थुंकलं. बाटलीतलं चाखलं, थुंकलं. टाकीतलं चाखलं, थुंकलं. पुन्हा पहिल्यापासून.

"बाटली आन् टाकी सख्ख्या भैनी. काट्यावरचं पाणी त्यांच्यापरीस कमी खारट."

धम्मरत्नने काट्यावरच्या पाण्यात प्रोबचा आकडा नव्याने पस्तीसवर बसवून टाकी मोजली. एकोणचाळीस. जीभ बरोबर होती. दुपारभर तो थोडं पाणी काढत आणि थोडं गोडं घालत बसला. आकडा हळूहळू उतरत गेला, आणि संध्याकाळी आधी एक, मग दुसरा मासा बाहेर आला. त्याला इतका आनंद झाला की त्याने कंपनीतलं स्टिकर काढलं, तारीख टाकली आणि आईच्या मनगटावर चिकटवलं. भिमाबाईंनी ते काढलंही नाही. उलट शेजारच्या रंभाताईंना दाखवून आल्या.

रात्री जेवताना पहिल्याच घासाला दीक्षाने नवऱ्याकडे पाहिलं. धम्मरत्नने आईच्या हातच्या आमटीचा भुरका घेतला आणि डोळे मिटले.

"आई," त्याने जपून विचारलं, "ते पाणी चाखल्यावर चूळ भरली होतीस ना?"

"कशाला? थुकले की." भिमाबाईंनी आमटी चाखली. "का रं? मीठ बराबर हाय."

आणि पुरावा म्हणून त्यांनी मनगट पुढे केलं. पुढील तपासणी सहा महिन्यांनी होती. दीक्षाने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.