आडवी घागर

रघुनाथ पेंटर माणसाचं तोंड रंगवत नाहीत. शिरूर कासारमध्ये रंगाच्या डब्यावर पोट असलेल्या माणसाला हे परवडणारं नाही, कारण इथं भिंत म्हणजे पुढारी आणि पुढारी म्हणजे मिशी. पेंटर दुकानांच्या पाट्या करतात, ट्रॅक्टरमागे मोर काढतात, पोळ्याला शिंगं रंगवून देतात. तोंडाचं काम आलं की ब्रश कानावर ठेवतात. "माणूस बदलतोय, भिंत तशीच ऱ्हाती. मग लोक म्हणतात, पेंटरला जमलं न्हाई."

दुसरी खोड मापाची. समोर कुणीही आलं की त्यांची नजर आधी छातीवर जाते. तालुका वार्ताहर म्हणून मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझ्या नमस्काराला उत्तर मिळालं, "मीडियम. पुढच्या दिवाळीला लार्ज." अंदाज बरोबर निघाला.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दिवाळीआधी गावात टँकर सुरू झाले. दूध संस्थेकडे दूध उरलं नव्हतं, पण टँकर होते. संस्थेनं त्यातून पाणी आणायला सुरुवात केली. रांग सांभाळणारी पोरं ओळखू यावीत म्हणून चेअरमननी टी-शर्ट काढायचे ठरवले आणि छापायचं काम पेंटरांना दिलं. अट एकच, छातीवर चेअरमनचा फोटो.

पेंटरांनी छापली घागर. साधी, काळ्या रेघेची, आडवी पडलेली, गळ्याखाली डावीकडे एक पोचा. खाली एकच शब्द: शिरूर.

चेअरमन दुकानात आले तेव्हा मी तिथं होतो.

"हे काय बे? फोटो कुठंय माझा?"

"फोटो धुण्यात जातोय, चेअरमनसाहेब. दोन धुण्यात तुमचं नाक गेलं असतं."

"अन् घागर आडवी कावून? पाणी सांडलं म्हणतील लोक! संस्थेची बदनामी!"

"रिकामी हाय. रिकाम्यातून काय सांडतंय?"

चेअरमननी माल नाकारला. पेंटरांनी कापड स्वतःच्या पदरचं घातलं होतं. टी-शर्टचा ढीग दुकानाच्या पायरीवर आला आणि पेंटर त्याच्याकडे पाठ करून पाटी रंगवत बसले. त्या दिवशी त्यांनी कुणाचंच माप सांगितलं नाही.

ढीग पहिल्यांदा उचकला सोजरबाईंनी. ऊसतोडीला अर्धं आयुष्य गेलेली बाई. चित्र पाहून त्या खळखळून हसल्या.

"अगं बया! ही तर लाईनीतली घागर. चेअरमनला कळंना का? कळंल कसं, त्यांच्या अंगणात बोअर हाय. कधी लाईन लावलीय त्यांनी?"

इथं टँकरच्या रांगेचा एक नियम आहे. मालक जवळ असेल तर घागर उभी. भाकरी टाकायला घरी गेला तर घागर आडवी. आडव्या घागरीला कुणी रांगेतून काढत नाही. रांग सरकली की मागचा माणूस ती पायानं पुढं ढकलतो. अर्थ एवढाच, की माझा नंबर आहे, मी येतोय.

सोजरबाईंनी मुलासाठी, भागवतसाठी, एक टी-शर्ट नेला. त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भागवत तो घालून उभा राहिला आणि बाकीच्यांनी ट्रॅक्टर दुकानापाशी थांबवायला लावला. ढीग तासाभरात संपला. पेंटर धावत ट्रॉलीभोवती फिरत होते: "तू लार्ज! मीडियम घालू नको बे, उकलंल!"

पुढं पेंटरांनी आणखी टी-शर्ट छापले आणि ती घागर न्हाव्याच्या, कंडक्टरच्या, नवरदेवाच्या मित्रांच्या अंगावर आली. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलींनी मागवून घेतली. संस्थेच्या सभेत अखेर चेअरमनही ती घालून स्टेजवर बसले. साऱ्या गावात एकट्या त्यांच्याच अंगावर ती भरलेली दिसत होती.

पेंटर एकटे राहतात, पण रांगेत दोन घागरी लावतात. एक उभी, एक आडवी. दुसरी कधी भरत नाहीत. मी एकदा कारण विचारलं. "स्पेअर हाय," म्हणाले. त्यांचा धाकटा भाऊ उत्तम बऱ्याच वर्षांपूर्वी टोळीबरोबर गेला, तो तिकडंच राहिला. जाण्याआधी दोघा भावांचं भांडण झालं होतं, त्याच्या दोन हकिगती गावात सांगतात. पेंटर एकही सांगत नाहीत.

पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, आणि टोळ्या परतल्या. भागवत बनियनवरच रांगेत आला.

"टी-शर्ट कुठंय रे?" पेंटरांनी विचारलं.

"काढून घेतला एकानं. कारखान्याच्या गेटवर. म्हणला, ह्यो पोचा माझ्या हातनं पडलाय, आईनं बदडलं होतं मला."

पेंटरांनी रांगेतल्या आपल्या दुसऱ्या घागरीकडे पाहिलं. आडव्या घागरीचा पोचा वर होता. तो मला तेव्हा दिसला.

"म्हणला, घागर अजून हाय का? मी म्हणलं, रोज लाईनीत असती."

भाऊ कसा दिसतो, केस पिकले का, हे पेंटरांनी विचारलं नाही.

"तुझा लार्ज होता. बसला त्याला?"

"पोटावर तंग झाला, काका."

"जाताना स्मॉल होता," पेंटर म्हणाले. "एक्स्ट्रा लार्ज काढून ठिवाया पायजे."

रांग सरकली. मागच्या बाईनं पाय पुढं केला. पेंटरांनी तिला थांबवलं, ती घागर दोन्ही हातांनी उचलली, पुढं नेली आणि पुन्हा आडवी ठेवली.