रामाजी सापडले

रामाजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं ही गोष्ट घरच्यांना ठाऊक होती आणि वर्ध्याच्या डॉक्टरांना. बाकी कुणाला कळता कामा नये, असा खुद्द रामाजींचा हुकूम होता. दुखणं पडलं कमरेच्या खालचं. हृदयाचं ऑपरेशन झालं तर हिंगणीत माणसाचा मान वाढतो. हर्नियाचं झालं तर लोक चेहऱ्याकडे बघून रामराम-जयभीम करण्याऐवजी दुसरीकडेच बघतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून निघताना त्यांनी गावात एवढंच सांगितलं, "लेकाकडे चाललो. येतो दोन-चार रोजात."

लेक रत्नदीप वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेत राहायचा, कृषी खात्यात नोकरीला होता. दोन-चार दिवसांचे तीन आठवडे झाले. सून मयुरीने पथ्याचं खाऊ घालून सासऱ्यांना चांगलं ठणठणीत केलं. डॉक्टरांनी गावी जायची परवानगी दिली, त्या आनंदात रत्नदीपने हिंगणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'बाबा पूर्णपणे रिकव्हर झाले. उद्या दुपारच्या एसटीने गावी येत आहेत.' आजाराचा त्याने उल्लेख केला नाही. वडिलांचा हुकूम त्याने तंतोतंत पाळला होता.

आता हिंगणीला 'रिकव्हर' हा शब्द काही नवा नव्हता. पोळ्याच्या सुमारास रूपरावांची म्हैस चोरीला गेली होती. ती सापडली तेव्हा पोलीस जमादाराने पानठेल्यासमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "म्हैस रिकव्हर झाली." तेव्हापासून त्या शब्दाचा अर्थ गावात पक्का झाला होता.

रूपरावांनी पानठेल्यावर तो मेसेज वाचला आणि त्यांच्या तोंडातलं पान थांबलं.

"अरे बाप्पा! रामाजी हरवलते?"

"कवा?" शेजारच्या मनकर्णाबाई दळण घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या.

"तीन हप्ते झाले, दिसले का तुमाले? लेकाकडे जातो म्हनून निघाले अन् पोचलेच नसन. आता रिकव्हर झाले म्हनते. पूर्णपणे."

"पूर्णपणे म्हंजे?"

"म्हंजे हातपाय सगळे शाबूत हायेत. माह्या म्हशीचं एक शिंग गेलतं."

मनकर्णाबाई दळण तसंच ठेवून रामाजींच्या घरी गेल्या. गायीपायी रामाजींची बायको पंचफुला गावातच राहिली होती. "काऊन वं पंचफुला, येवढी मोठी गोष्ट अन् आमाले सांगितलं नाई? मानूस हरवला तुहा!"

पंचफुलेने घाईने पदर तोंडाला लावला. हसू आवरेना म्हणून लावला होता. पण खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मनकर्णाबाईंनी तिला छातीशी धरून सांगितलं, "रडू नको. सापडले ना आता!"

दुसऱ्या दिवशी रामाजी एसटीतून उतरले तर स्टँडवर ही गर्दी. कुणी आमदार येणार असेल असं वाटून ते बाजूला सरकले, तर गर्दीही त्यांच्याबरोबर सरकली. टाके अजून ओढत होते, म्हणून ते एकेक पाऊल जपून टाकत होते. लोकांना ते बावरल्यासारखं दिसलं. रूपरावांनी पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने विचारलं, "रामाजी भाऊ! मले ओळखलं का?"

रामाजी स्वभावाने गमत्या. पन्नास वर्षांच्या दोस्ताने असं विचारल्यावर सरळ उत्तर देतील तर ते रामाजी कसले. त्यांनी रूपरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "नाई बा. कोनाचा तू?"

कुणीही हसलं नाही. मनकर्णाबाईंनी डोळे पुसले.

त्या क्षणापासून रामाजींचं एकटं फिरणं बंद झालं. ते वावरात निघाले की वेशीवर कुणीतरी आडवं व्हायचं. "काका, कुठी चालले?"

"वावरात."

"वावर तिकडे हाय, बरोबर. पन घरी चला आता. काकू वाट पाहून राह्यली."

आणि तो माणूस त्यांना हाताला धरून घरी आणून सोडायचा. एका सकाळी तर तीन वेगवेगळ्या माणसांनी त्यांना तीनदा घरी आणलं. तिसऱ्या वेळी ते नुसते आपल्याच ओट्यावर बसले होते. सेलूला जायला एसटीत चढले, तर कंडक्टर तिकीट देईना. "घरचं कोनी सोबत असन तर देतो," म्हणाला.

मोबाईलचं दुकान चालवणारा रोशन हा गावातला जाणकार. त्याने रामाजींच्या शर्टाच्या कॉलरमागे न पुसणाऱ्या पेनाने रत्नदीपचा नंबर लिहून दिला आणि धीरही दिला. "घाबरू नका काका. मेमरी उडाली तरी डाटा आतच राह्यते. नवीन काई भरू नका डोक्यात, म्हंजे जुनं सगळं रिकव्हर होते. मोबाईलमधल्या फोटोचं असंच असते."

"माह्या डोक्यातलं काई उडालं नाई रे!"

"ज्याचं उडते त्याले मालूम नसते ना काका. मोबाईलले तरी कुठं मालूम राह्यते?"

रामाजींनी घरी येऊन लेकाला फोन लावला. "तूनं लिवलं, तूच निस्तर. पन त्या गोष्टीचं नाव काढजो नको, सांगून ठेवतो."

रत्नदीपने बराच विचार करून ग्रुपवर लिहिलं, 'कृपया गैरसमज नसावा. बाबांना काहीही झालेलं नव्हतं. आता ते बरे आहेत.'

पानठेल्यावर याचं जाहीर वाचन झालं.

"काई झालं नव्हतं, तर बरे कसे झाले?" रूपरावांनी विचारलं.

"पोरगं लपवून राह्यलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लाजते बिचारा. शिकलेल्या लोकायले बापाचं असं सांगाची लाज वाटते."

त्या दिवसापासून घरी डबेही येऊ लागले. शेंगदाणे, अक्रोड, कुणी ब्राह्मीचं तेल. पंचफुलेची मजा चालली होती. "राहू द्या ना अजी," ती म्हणायची, "अक्रोड आपल्या घरी कवा आलते?"

"तुले हसू येते. उद्या नागपूरचं काय होईन, ते पाह्य."

नागपूरचा प्रश्न खरा होता. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हिंगणीची मंडळी दीक्षाभूमीला जात, आणि त्यांच्या पुढे निळा झेंडा घेऊन रामाजी चालत. लाखोंच्या गर्दीत त्या झेंड्याकडे बघत सगळे चालायचे आणि सगळे सुखरूप परत यायचे. वडिलांच्या पश्चात तो झेंडा त्यांच्याकडे आला होता. रामाजींना गावात दुसरं कसलं पद नव्हतं, आणि या एका कामापुढे दुसरं हवंही नव्हतं.

विहारात त्याची बैठक भरली. कमिटीचे अध्यक्ष किसनराव कडक माणूस. त्यांच्यासमोर मांडी बदलायची तरी लोक विचार करायचे. ते खाकरले.

"यंदा झेंडा मोतीलालच्या हाती देऊ, असं कमिटीचं मत हाय. रामाजी भाऊंबद्दल आमाले आदरच हाय. पन जो मानूस हिंगणीहून वर्ध्याले जातानी..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

मोतीलाल पुढच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. बरीच वर्षं झेंड्यावर त्याची नजर होती, पण तो असा मिळेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"रामाजी भाऊ पन येतीन," मनकर्णाबाईंनी तोड काढली. "मी त्यायचा हात धरतो. नाईतर माह्या पदराले त्यायच्या धोतराचा सोगा बांधून घेऊ. कुठी जातीन मंग?"

सगळ्यांना ते पटलं. रामाजींना आपण मनकर्णाबाईंच्या मागे सोग्याने ओढले जात आहोत आणि पुढे मोतीलाल झेंडा घेऊन चालला आहे, असं लख्ख दिसलं. ते उठून उभे राहिले.

"मी हरवलो नव्हतो," ते म्हणाले. "मले हर्निया झालता."

मोतीलालने मान वर केली. रामाजींनी पुढचंही सांगून टाकलं.

"ऑपरेशन झालं. हे इथं." आणि त्यांनी बोटाने दाखवलंही. बायकांनी पदर सावरले. मोतीलाल वर पंख्याकडे बघू लागला. "तीन हप्ते लेकाच्या घरी पलंगावर पडून होतो. डॉक्टरच्या भाषेत बरं होन्याले रिकव्हर म्हनते. आता समजलं?"

मग रूपराव हळूच म्हणाले, "मंग माही म्हैस बिमार होती काय?"

पंचफुला पहिली हसली. ती इतके दिवस दाबून ठेवलेलं हसू हसली आणि मग बायकांची बाजू सगळी, पाठोपाठ पुरुषांची. मनकर्णाबाई हसता हसता म्हणाल्या, "माहे अक्रोड वापस दे वं!" किसनरावांनी दोनदा टेबल वाजवला आणि झेंडा रामाजींकडेच राहील असं जाहीर केलं. मोतीलालनेच पहिली टाळी वाजवली.

बैठक आटोपली. रामाजी हलक्या अंगाने घराकडे निघाले. आडवं व्हायला आज कुणी नव्हतं. थोड्या अंतरावर मोतीलालने त्यांना गाठलं.

"फवारनी झाली का भाऊ?"

"झाली."

"पऱ्हाटी बरी हाय म्हना."

"बरी हाय."

मोतीलालने मागेपुढे बघितलं. "टाके लय दुखतात का?"

रामाजी थांबले. झेंड्याची आस धरणारा मोतीलाल पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा होता.

"मले पन दोन वर्ष झाले," तो पुटपुटला. "घरी मालूम नाई. पोतं उचललं की जीव जाते."

"चल, घरी बस. सगळं सांगतो."

घरी आले तर ओट्यावर रूपराव आधीच बसलेले. "सहज आलतो," ते म्हणाले. मोतीलाल म्हणाला, "मी पन सहजच." पंचफुलेने चहा दिला. तो संपला. दोघंही दुसरा उठायची वाट बघत अंगणातल्या पेरूच्या झाडाविषयी बोलत राहिले. झाडावर बोलण्यासारखं फारसं नव्हतं. शेवटी रामाजींनीच दोघांना आत नेऊन दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "लाजू नका. दोघंही जवळ सरका. हे पाहा, पयले डॉक्टर खोकायले लावते..."

तेवढ्यात आतून पंचफुला आली. तिने पदर पुन्हा तोंडाला लावला होता.

"अजी, मांगच्या दारी किसनराव उभे हायेत. म्हनते, पुढून येतो तर कोनी पाह्यते."