टिटवी खाली बसली

एका जंगलात, बाळांनो, एक मंडळी होती. मंडळी म्हणजे नुसते जमलेले लोक नव्हेत, चांगली ख्रिस्ती मंडळी. तिचं देऊळ मोहाच्या झाडाखाली होतं. आता देवळाला मोहाचं झाड कसं चालेल, यावर पूर्वी एकदा वाद झाला होता. मग दुसरं झाड शोधलं. ते चिंचेचं निघालं. चिंचेवर भुतं असतात म्हणे. मंडळीचा भुतांवर विश्वास नव्हता, पण सगळे मुकाट्यानं परत मोहाखाली आले.

इतर मंडळ्यांत पाळक मेंढरांना सांभाळतो. इथं पाळकच मेंढा होता. त्यामुळे त्याला कुणी सांभाळायचं, हे कधी ठरलंच नव्हतं. मेंढेसाहेब स्वभावानं गरीब. कुणी काही म्हटलं की ते म्हणायचे, "तुमचंही बरोबर आहे."

या मंडळीत शलोमी नावाची एक टिटवी होती. ती शब्बाथशाळेत, म्हणजे देवळातल्या रविवारच्या शाळेत, लहान पिल्लांना शिकवायची. शिकवायची छान, पण दचकायची फार. पान पडलं, दचकली. ढग सरकला, दचकली. मेंढेसाहेबांच्या लांबलचक प्रार्थनेनंतर सगळे एकदम "आमेन" म्हणाले की ती हातभर उडायची, आणि ते तर दर रविवारी ठरलेलं होतं. पिल्लं हसायची. तीही हसायची, पण थोड्या वेळानं.

सगळ्यात जास्त ती दचकायची ते "प्रेमानं सांगतो" या शब्दांना. त्या मंडळीत कुणालाही काही टोचून बोलायचं असलं की सुरुवात अशीच व्हायची. बिबट्या खोकला तर निदान पळता तरी येतं. कुणी प्रेमानं सांगायला लागलं की जागेवर थांबून ऐकावं लागतं.

त्या वर्षी शलोमीनं देवळाच्या आवारात चार अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ती आपली मोकळ्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी ठेवते आणि ती खड्यांसारखीच दिसतील अशी आशा करते. तिनं मेंढेसाहेबांना आधी विचारलंही होतं. ते म्हणाले होते, प्रभूचं आवार आहे, खुशाल घाल. मग ती आणि तिचा नवरा हनोख पाळीपाळीनं अंड्यांवर बसू लागले. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

म्हणजे पवित्र शास्त्राच्या, बायबलच्या, पहिल्या अध्यायापर्यंत सुरळीत चाललं होतं.

झालं असं, की शास्त्राभ्यासात सृष्टीच्या उत्पत्तीचा विषय निघाला. मंडळीत दोन पंच होते. एक कोंबडेसाहेब, रानकोंबडा. दुसरे कासवेसर, कासव. कासवेसर म्हणाले, देवानं सहा दिवसांत सगळं निर्माण केलं हे खरंच, पण तिथला दिवस म्हणजे आपला दिवस असेलच असं नाही. एखादं मोठं युगही असू शकेल. कासवेसरांचं वय लक्षात घेतलं तर त्यांना असं वाटणं साहजिक होतं.

कोंबडेसाहेबांनी मान ताठ केली. "दिवस केवढा असतो ते मला सांगता, सर? मी तो रोज सुरू करतो."

कासवेसरांनी सावकाश विचार केला. "पहिले तीन दिवस सूर्यच नव्हता," ते म्हणाले. "तेव्हा कोण आरवलं?"

मागच्या रांगेतली माकडं हसली. शेजारची हरणं हसली. मार्थाकाकूसुद्धा हसल्या, आणि त्या कोंबडेसाहेबांच्या सख्ख्या बायको होत्या. कोंबडेसाहेबांचा तुरा आधीच लाल, तो आणखी लाल झाला.

तोवर प्रश्न दिवसाचा होता. त्या हसण्यानंतर तो सत्याचा झाला.

पुढच्या रविवारी देवळात दोन बाजू पडल्या. डावीकडे दिवसवाले बसले, उजवीकडे युगवाले. मग उपासनेनंतरचा चहा वेगळा झाला. मग आजाऱ्यांना भेटायला दोन वेगळे जथे जाऊ लागले. एका सशाला ताप आला होता. तो म्हणाला, माझं दुखणं तापाचं होतं ते आता डोक्याचं झालंय. दिवसवाले म्हणायचे, आज दिवस वाकवला तर उद्या पुनरुत्थानही वाकवतील. युगवाले म्हणायचे, देवाला घड्याळात कोंबणारे हे कोण. दोन्हीकडचे एकमेकांसाठी प्रार्थना मात्र नेमानं करत. ती जरा मोठ्यानं करत, ज्याच्यासाठी आहे त्याला ऐकू जावी म्हणून.

शलोमीला कुणी विचारलं, तू कोणाची, की ती म्हणायची, मी अंड्यांवर बसलेय. तेवढ्यावर भागत होतं. हनोख मात्र दिवसवाल्यांत जाऊन बसला. त्याचं मत होतं असं नाही. तिकडे सावली होती.

शेवटी मेंढेसाहेबांनी सगळ्यांना एका सकाळी आवारात बोलावलं. त्यांनी संदेश फार सुंदर दिला. सत्यावर बोलले, प्रीतीवर बोलले, दोन्हीकडे सारखं बघत बोलले. शेवटी त्यांना भरून आलं. ते म्हणाले, "ज्यांना ज्यांना सत्याची चाड आहे, त्यांनी उभं राहावं."

त्यांचा बेत साधा होता. सगळे उभे राहतील, एक गीत होईल, आशीर्वाद देऊन सोडून द्यायचं.

सगळे उभे राहिले. दिवसवाले उभे राहिले, युगवालेही उभे राहिले. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहिलं. गीत झालं, आशीर्वाद झाला. मेंढेसाहेब म्हणाले, आता बसून घ्या.

कुणी बसलं नाही.

"आधी त्यांना बसू दे," कोंबडेसाहेब म्हणाले.

कासवेसर म्हणाले की त्यांच्या बाजूला कसलीच घाई नाही. त्यावर दिवसवाल्यांनी हरकत घेतली, की सर उभे आहेत की बसलेत हेच कळत नाही. कासवेसरांनी चारही पाय ताठ केले. फरक पडला, पण तो वाकून पाहिल्याशिवाय दिसेना, आणि वाकायला कुणी तयार नव्हतं.

आता शलोमीचं काय झालं ते ऐका. मेंढेसाहेब "उभं राहावं" म्हणाले तेव्हा ती दचकली आणि सगळ्यांबरोबर ताडकन उभी राहिली. उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं. खाली अंडी होती. डावीकडे दिवसवाल्यांचे खूर, उजवीकडे युगवाल्यांचे खूर, मधल्या खड्यांत तिची चार अंडी. आणि आता ती बसली, तर सत्यासाठी उभ्या असलेल्या सगळ्या मंडळीत खाली बसलेली ती एकटीच.

तिनं हनोखकडे पाहिलं. त्याची पाळी होती. त्यानं डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता कसा येऊ, सगळे बघतायत.

ऊन चढू लागलं. मे महिन्यातलं ऊन, बाळांनो. उघड्या खड्यांवर अंडं त्या उन्हात शिजतं. शलोमीनं मग एक युक्ती केली. ती अंड्यांच्या बरोबर वर पाय फाकून, पंख थोडे पसरून उभी राहिली. सावली अंड्यांवर पडली. उभंही राहता आलं, अंडीही राहिली. सूर्य सरकला की तीही तेवढीच सरकायची. एका हरणाचा खूर अंड्याला चाटून गेला तेव्हाही तिनं ओरडणं गिळलं. ती तशी दुपारभर उभी होती. तिच्या पायांचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. त्या काड्याच तर असतात.

बाकीच्यांचीही दशा फार वेगळी नव्हती. कोंबडेसाहेब एका पायावर आले होते. माकडं शेपटीवर टेकून पाहत होती आणि पकडली जात होती.

मग ऊन उतरलं आणि टेकडीकडून गार वारा सुटला. सावलीनं ऊन अडतं, गारठा अडत नाही. त्याला ऊब लागते, आणि ऊब द्यायची तर बसावं लागतं. दुसरा मार्ग देवानं ठेवलेला नाही.

मार्थाकाकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी हळूच म्हटलं, "अगं, बस की."

"तुम्ही बसाल का, काकू?"

"मला विचारू नकोस," मार्थाकाकू म्हणाल्या. "माझा नवरा पंच आहे."

तेव्हा शलोमीनं धीर करून रीतसर परवानगी मागितली. ती म्हणाली की तिचं सत्यावर प्रेम आहे, दिवसाबद्दल तिला अजून नक्की काही कळलेलं नाही, पण अंडी गार पडतायत आणि तिला जरा बसायचंय. मेंढेसाहेब म्हणाले, तुझंही बरोबर आहे, आणि त्यांनी दोन्ही पंचांकडे पाहिलं.

दोन्ही पंच झाडामागे गेले. उभ्यानंच बोलले. बऱ्याच दिवसांनी ते एकमेकांशी बोलत होते. परत आले तेव्हा दोघांचं एकमत झालेलं होतं.

"प्रेमानं सांगतो, पोरी," कोंबडेसाहेब म्हणाले. "अंडी काय, पुढल्या वर्षीही होतील. सत्य एकदाच मिळतं."

कासवेसर म्हणाले, "आणि युगांच्या हिशेबात पाहिलं, शलोमी, तर चार अंडी म्हणजे तसं काही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी माना डोलावल्या, असं त्या वर्षात पहिल्यांदाच घडत होतं. मेंढेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळीत ऐक्य येताना दिसत होतं, आणि त्यासाठी फक्त एका टिटवीनं उभं राहायचं होतं.

शलोमीनं दोन्ही पंचांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

ती बसली.

देवळाच्या आवारात सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. कुणीतरी म्हणालं, ही तर शब्बाथशाळेत शिकवते. कोंबडेसाहेबांनी छाती फुगवली आणि सगळं जंगल हलेल अशा आवाजात सांगितलं, "शलोमी, ऊठ."

झाडावरची पाखरं उडाली. हरणं दोन पावलं मागं सरली. मेंढेसाहेब स्वतः दचकले. शलोमी दचकली नाही. तिनं मान एका बाजूला कलती केली होती.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत चोच वाजतेय."

आता अशा गोष्टीला काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याच पंचाला माहीत नसतं. जो तो ऐकू लागला. उभं राहून ऐकू येईना. माकडं वाकली. हरणांनी मान खाली केली. मार्थाकाकू तर सरळ पुढे आल्या. मेंढेसाहेबांना तेवढ्यात सुचलं, की गुडघे टेकणं म्हणजे काही बसणं नव्हे. त्यांनी गुडघे टेकले. त्यांच्यामागून सगळ्यांनी टेकले. गुडघ्यांचा केवढा आवाज झाला.

आणि मग, बाळांनो, ती अख्खी मंडळी, दिवसवाले आणि युगवाले, एका अंड्याभोवती गुडघ्यांवर होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. टक. टक. मग जरा थांबून, टक. आतल्याला बाहेरचं काही ठाऊक नव्हतं. तरी ते येत होतं. अशी उपासना त्या मंडळीत पूर्वी झाली नव्हती.

कवच तडकलं. एक ओलं, वेडंवाकडं, थरथरणारं काहीतरी बाहेर पडलं आणि त्यानं डोळे उघडले.

कोंबडेसाहेबांनी मान पुढे केली. "बघा," ते कुजबुजले. "एका क्षणात."

"क्षणात कसं?" कासवेसरही तितक्याच हळू म्हणाले. "किती दिवस आत काम चाललं होतं."

"दिवस," कोंबडेसाहेब म्हणाले. "दिवस म्हणाले ते. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

सगळे पुन्हा उभे राहिले.

पिल्लू तोवर वाळलं. टिटवीचं पिल्लू जन्मल्या जन्मल्या चालू शकतं. तेही आपल्या काड्यांसारख्या पायांवर डुगडुगत उभं राहिलं. ते उभं राहिलेलं दिसताच दोन्ही बाजू पुढे सरकल्या. ते कोणाच्या बाजूनं उभं आहे, यावर आवाज चढले. कुणी म्हणालं त्याचं तोंड डावीकडे आहे. कुणी म्हणालं पण शेपूट पाहा. एका रानडुकरानं ते नीट दिसावं म्हणून आणखी पुढे पाय टाकला.

शलोमी हळूच "टिव्" म्हणाली. पिल्लू धावलं आणि तिच्या पंखाखाली शिरून बसलं.

मग हनोख आला. दिवसवाल्यांमधून, सगळे बघत असताना, मान खाली घालून आला. "सरक जरा," तो म्हणाला. "माझी पाळी आहे." ती सरकली, आणि उरलेल्या तीन अंड्यांवर तो बसला.

हे मात्र फारच झालं. एक बसली ती भित्री म्हणून सोडता आलं असतं. दोन बसले की ते मत होतं. दोन्ही पंचांनी तिथंच, उभ्या उभ्या ठराव केला, की मंडळी सत्यासाठी उभी असताना जी खाली बसली, तिच्या हाती यापुढे लेकरं देता येणार नाहीत. शब्बाथशाळेला दुसरी बाई पाहावी. ठराव कोंबडेसाहेबांनी मांडला. कासवेसरांनी त्याला अनुमोदन दिलं. एकही मत विरुद्ध पडलं नाही. मेंढेसाहेबांनी दोघांचे पाय एकमेकांच्या पायांवर ठेवले आणि ऐक्यासाठी प्रभूचे आभार मानले. त्या संध्याकाळी चहा पुन्हा एकत्र झाला. तो सगळ्यांनी उभ्यानं घेतला. तो मार्थाकाकूंनी केला होता, चुलीपाशी बसून, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

आवारात फक्त दोन टिटव्या उरल्या. बाकीची पिल्लं रात्र सरायच्या आत बाहेर आली की दोन-तीन दिवस लागले, याची चौकशी करायला नंतर दोन्हीकडचे लोक वेगवेगळे येऊन गेले. शलोमीनं त्यांना सांगितलं, की तिनं मोजलं नाही, ती बसली होती.

तात्पर्य : सत्यासाठी नेहमी उभे राहावे. बसून करायची कामे कुणीतरी करतच असते.