चाळीस तक्रारी, एकच अक्षर

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा बघू. सरकारी दवाखान्यातली औषधाची खिडकी. आत औषधवाल्या ताई, बाहेर लांबलचक रांग आणि कठड्यावर चाळीस कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदावर एकच प्रश्न: ‘औषध देणाऱ्यांच्या कामाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ निम्म्याहून जास्त लोक नाखूश निघाले, तर ताईंची बदली ठरलेली. ताईंना तर ही खिडकी सोडायची नव्हती. रांगेतल्या प्रत्येकाच्या गोळ्या त्यांना तोंडपाठ होत्या.

दिसलं? आता रांगेतले पहिले आजोबा बघा. सोबत त्यांची नात. ती एका जागी ठरत नसे, म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत.

आजोबांनी कागद नाकाशी नेला, मग लांब धरला आणि शेवटी ताईंपुढेच सरकवला.

“चष्मा घरी राहिला. तूच लिही, पोरी.”

“अहो आजोबा, माझ्याबद्दलचं मीच कसं लिहू?”

“त्यात काय? लिही, ताई फार चांगली आहे.”

ताई लाजून लाल झाल्या. “छे, छे! स्वतःचं कौतुक नाही लिहिता येणार. तक्रार असेल तर सांगा, तेवढी लिहिते.”

आजोबांनी डोकं खाजवलं. तक्रार सापडेना, पण पोरीचं मन कसं मोडायचं? “बरं, लिही. फार बोलते.”

ताईंनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘फार बोलते.’

मागच्या मावशींना वाटलं, इथे तक्रारच द्यावी लागते. “माझंही लिही गं. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते.”

त्यांच्यामागे गवंडीकाका. “गोळ्या कडू असतात.”

“काका, गोळ्या मी बनवत नाही हो!”

“असू दे. दुसरं काही सुचत नाही मला.”

दुपारपर्यंत चाळीस तक्रारी भरल्या. ताईंचं काय होतं ते बघायला सगळे बाकांवर बसून राहिले. तेवढ्यात बदलीचा कागद घेऊन खोकत खोकत दवाखान्याचे मोठे साहेब आले.

“चाळीसच्या चाळीस नाखूश!” मग त्यांनी कागद जवळ घेतले. “आणि सगळं अक्षर एकच? कोण हो हा तुमचा वैरी?”

“माझंच अक्षर आहे, साहेब.”

साहेबांचा खोकलासुद्धा थांबला.

भिंगरीनं बाकावरून उडी मारली. “ताईंना स्वतःचं कौतुक लिहायची लाज वाटते. म्हणून आम्ही तक्रारी दिल्या!”

“म्हणजे तुम्ही सगळे खूश आहात?” साहेबांनी बाकांकडे पाहिलं.

“मग काय!” मावशी म्हणाल्या. “तक्रार शोधून शोधून जीव गेला आमचा.”

साहेबांनी बदलीचा कागद घडी करून खिशात टाकला. “स्वतःविरुद्ध इतकं नीट लिहिणारी बाई औषधांच्या कपाटाजवळच बरी,” ते पुटपुटले आणि डॉक्टरांनी त्यांना दिलेली चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली.

ताईंनी खोकल्याची बाटली काढली. “दोन चमचे, जेवणानंतर. सांगा बघू, कधी?”

“जेवणाआधी.”

“नंतर! किती चमचे?”

“तीन.”

“दोन! आता पुन्हा पहिल्यापासून सांगा.”

“अहो बाई, फार बोलता तुम्ही!”

कठड्यावरचे कागद तर संपले होते. भिंगरीनं आपल्या वहीचं पान टर्रकन फाडलं, पेन्सिल सरसावली आणि विचारलं, “साहेब, चष्मा आणलाय, की मी लिहू?”