घोड्याचे मागचे पाय

"आई येतेय रविवारी. तुझं नाटक बघायला," बायकोने सांगितलं आणि मागच्याच्या हातातला चहा बशीत सांडला.

त्याला नाटकमंडळीत सगळे मागचाच म्हणत. मुलांच्या नाटकात राजपुत्राचा एक घोडा होता आणि त्या घोड्यात दोन माणसं. घोड्याचं डोकं आणि पुढचे पाय पुढच्याचे. हा कमरेत वाकून, पुढच्याच्या पट्ट्याला धरून मागचे पाय चालवायचा. शेपटीची दोरीही याच्याच हातात. नाटक संपलं की पुढचा डोकं काढून मुजरे करायचा, आणि हा आत घामाघूम होऊन टाळ्या ऐकायचा.

सासूबाईंना नटांची भारी पारख. संध्याकाळी त्यांनी फोनवर जावयाची उलटतपासणीच घेतली.

"नायक का तुम्ही?"

"नाही."

"मग खलनायक?"

"छे छे!"

"विनोदी नट? चरित्र अभिनेता? का गर्दीत हात वर करून ओरडतात ना, त्यातले?"

"तसं नाही हो. जरा शारीरिक अभिनयाची भूमिका आहे. घोड्याची."

मग सासूबाईंनी विचारलं, "अख्ख्या घोड्याची?"

आता इथे खरं बोलायला काय हरकत होती? पण लग्न ठरवताना 'आमचा जावई अभिनेता' म्हणून त्या बाईंनी सगळ्या नात्यागोत्यात मिरवून घेतलं होतं. माणसाची जीभ अशा वेळी भलतीकडे वळते. "हो," तो म्हणून बसला.

म्हणजे रविवारी मुजऱ्याला घोड्याच्या डोक्यातून याचंच तोंड बाहेर यायला हवं. नाहीतर सासूबाईंसमोर अब्रूचं खोबरं! दुसऱ्याच दिवशी त्याने पुढच्याला गाठलं.

"एक दिवस जागा बदलूया ना रे."

"वेडा आहेस का? लोक माझा चेहरा बघायला येतात."

"चेहरा घोड्याचा आहे."

"पण त्याला भाव मी देतो!"

शेवटी घोड्याचं घामट कातडं यापुढे कायम आपण धुवायचं, या बोलीवर सौदा पटला. घरी मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. बायकोलाही चकित करायचं होतं ना!

रविवारी घोडा रंगमंचावर आला तो अगदी ताठ. आत डोक्याखाली आपले मागचे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे आल्यामुळे त्यांची पाचावर धारण बसली होती. मागे वाकलेला पुढचा मात्र धुमसत होता. अंधारात, दुसऱ्याच्या कमरेशी नाक खुपसून उभं राहायचं म्हणजे काय? ते त्याने कधी सोसलेलंच नव्हतं.

राणी रडत रडत राजपुत्राला निरोप देत होती. तेवढ्यात घोड्याच्या एका मागच्या पायाने दुसरा पाय खाजवला. पहिल्या रांगेतलं एक पोर खुदकन हसलं.

झालं! आतल्या माणसाच्या अंगात वारं शिरलं. त्याने शेपटी गरगर फिरवली, पायावर पाय टाकला आणि मग खुशाल फतकल मारली. पुढून घोडा उभा आणि मागून बसलेला.

"ऊठ! घोडे असे बसत नाहीत!" पुढून दबका आवाज आला.

"आमचा बसतो," मागून उत्तर आलं.

राजपुत्र झोकात स्वार व्हायला गेला आणि पाठीच्या उतारावरून थेट खाली आला. राणी हुंदके देता देता पदरात तोंड घालून हसायला लागली. घोड्याच्या डोक्याने चिडून जोरात हिसका दिला, मागे बसलेल्या पुढच्याने पाय रोवले, आणि मधली चेन टर्रकन फाटली. पुढचा अर्धा घोडा धडपडत विंगेत गेला. मागचा अर्धा रंगमंचावर एकटा उरला. त्याने आपला पुढचा भाग इकडेतिकडे शोधला, नाही सापडला, तेव्हा प्रेक्षकांकडे शेपटी हलवली. नाट्यगृह नुसतं दणाणलं.

"पडदा! अरे पडदा पाडा कोणीतरी!" दिग्दर्शक ओरडत होता.

मुजरा राहिलाच. रंगपटात मागच्याने अडकलेलं डोकं कसंबसं उपसून काढलं आणि तो रडकुंडीला येऊन बसला. पुढचा कपड्यांच्या रांगेआड शेपटी सोडत होता. इतक्यात दारात सासूबाई आणि मागे बायको.

"जावईबापू! पुढे कोण होता हो तो ठोकळा?"

"तो... आहे एक," याने घोड्याचं डोकं पायाने हळूच बाकाखाली ढकललं.

"त्याला आधी काढा! मागच्या पायांनी तारलं नाटक. पोट दुखेपर्यंत हसले मी."

बायको पुढे झाली. "मी सांगून टाकलं आईला, की तू मागे असतोस. त्यात लाजायचं काय रे?" तिचे डोळे नुसते चमकत होते.

मागच्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंपासून इतकी वर्षं जे लपवलं ते उघड झालं, तेही कौतुक होऊन, आणि नेमकं आजच तो तिथे नव्हता. पण बायकोच्या त्या डोळ्यांसमोर त्याच्याच्याने नाही म्हणवेना.

"हो... मागे मीच होतो."

"उद्या परत येते," सासूबाई म्हणाल्या. "इमारतीतल्या सगळ्या बायकांना घेऊन!"

त्या गेल्यावर तो कपड्यांच्या रांगेकडे धावला. "उद्या मागे मी हं!"

"कशाला?" पुढच्याने शेपटी छातीशी धरली. "इतक्या टाळ्या मला जन्मात पडल्या नव्हत्या. मी नाही हलायचा."

"अरे, ती जागा माझी आहे!"

"होती."

दिग्दर्शकाने दोघांपुढे हात जोडले. पण पुढे जायला कोणी तयार होईना.

दुसऱ्या दिवशी राजपुत्राने घोड्याचं रिकामं डोकं लगामाने फरफटत आणलं. त्याच्यामागून घोड्याचा भलाथोरला पार्श्वभाग आला. कातड्यात कोंबून बसलेले दोघे एकमेकांना कोपराने ढोसत होते, खाली चार पाय चार दिशांना नाचत होते आणि शेपटीची ओढाताण चालली होती. लोक खुर्च्यांवरून कोसळायचे बाकी राहिले.

सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. शेजारच्या बाईच्या खांद्यावर थाप मारून त्या अभिमानाने म्हणाल्या, "डावीकडचे दोन आमच्या जावयाचे!"