एक नंबर थंड

गाडीचे चार स्पार्क प्लग बदलायचे होते. हे काम गुरुवारी सकाळी दोन पेशंटांच्या मधल्या दहा मिनिटांत उरकेल, याबद्दल डॉक्टरबाईंना तिळमात्र शंका नव्हती. त्या दातांच्या डॉक्टर होत्या आणि सव्वीस वर्षांत त्यांनी जे उपटायचं ठरवलं, ते त्याच बैठकीत उपटलं होतं.

गाडी त्यांच्या जिवाचा तुकडा होती. ठेंगणी, दोन दारांची, टर्बोवाली आणि सुरू झाली की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरवणारी. रविवारी वापरात नसलेल्या धावपट्टीवर क्लबची वेळेची शर्यत होती. घाटातल्या मोठ्या शर्यतीसाठी पाच जणांचा संघ जायचा. चार जागा भरल्या होत्या आणि पाचवी रविवारी जो सर्वांत कमी वेळ नोंदवील त्याला मिळणार होती. गेली दोन वर्षं ती जागा डॉक्टरबाईंच्या धाकट्या दिरानं पटकावली होती, एकदा अर्ध्या सेकंदानं आणि एकदा सेकंदाच्या दोन दशांशांनी. दोघांच्या गाड्या सारख्या, आणि दोघांनीही यंदा टर्बोचा दाब वाढवून घेतलेला. त्यानंतर डॉक्टरबाईंची गाडी पूर्ण वेगात असताना अडखळू लागली होती.

गॅरेजच्या मिस्त्रींनी एक प्लग काढून उजेडात धरला. "टोक भाजलंय. हा सहा नंबर आहे. एक नंबर थंड घ्या."

"घेते."

"यादी बघून घ्या हं, बाई."

"मिस्त्री, थंड-गरम मला कळतं."

मिस्त्री कमी बोलणारा माणूस होता. पुढचं जे सांगायचं होतं ते त्यांनी गिळलं.

डॉक्टरबाईंचा हिशेब सरळ होता. थंडी वाढली की थर्मामीटरचा आकडा खाली येतो, म्हणजे सहापेक्षा एक नंबर थंड तो पाच. त्यांनी दुकानात फोन करून पाच नंबरचे चार प्लग मागवले, आणि पुढच्या पेशंटला तोंड उघडायला सांगितलं.

प्लग दुपारी घरी आले. डॉक्टरबाईंचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापलेला कागद न वाचता टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कपडे धुण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी कंपनीला अकरा चुका कळवल्या होत्या. प्लगच्या खोक्यातली चिठ्ठीही त्यांनी भिंग लावून वाचली.

"अगं, इथं म्हटलंय, आकडा जितका मोठा तितका प्लग थंड."

"छपाईची चूक असेल."

"छपाईची चूक मला कळते. ही नाहीये."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी हातात घेतली. प्लग थंड म्हणजे हाताला गार नव्हे, आपल्या टोकाची उष्णता झटकन इंजिनाकडे ढकलून देणारा, असं तिथं चित्रासकट समजावलं होतं. प्लगवरचा आकडा हा त्या ढकलण्याच्या ताकदीचा. पाच नंबर आणखी कमी ढकलणार, म्हणजे आणखी भाजणार. चूक झाली की कबूल करायची आणि पुढच्या दाताकडे वळायचं, अशी त्यांची रीत होती. त्यांनी लगेच दुकानात फोन लावला.

"सात नंबर द्या."

"या कंपनीचे सात सोमवारी येतील, बाई. दुसऱ्या कंपनीचे देऊ का? एक नंबर माल आहे."

"यांच्या सहाच्या जागी त्यांचा कितवा बसतो?"

"आठ."

"मग नऊ पाठवा."

दुकानदार घुटमळला. "नऊ? बाई, सात म्हणायचंय का तुम्हाला?"

"नऊ. आकडा मोठा तितका थंड. मी वाचलंय."

दुकानदाराचे खालचे दोन दात डॉक्टरबाईंनी बसवलेले होते आणि वरच्या एकाचं काम अर्धं राहिलं होतं. त्यानं नऊ पाठवले.

शुक्रवारी ते आले, आणि यजमान चिठ्ठी घेऊन आतल्या खोलीत गेले. पहिल्या खोक्यातली चिठ्ठी शेजारी ठेवून त्यांनी दोन्हींवरून भिंग फिरवलं.

"काय झालं?" डॉक्टरबाईंनी बाहेरून विचारलं.

"या कंपनीत आकडा मोठा तितका प्लग गरम."

"असं कसं असेल?"

"दोघांनी एकमेकांना विचारलेलं दिसत नाही. म्हणजे तू आधी घेतलेस ते एका पायरीनं गरम, आणि हेही एका पायरीनं गरम." यजमान दारात येऊन उभे राहिले. "सातत्य मात्र राखलंयस."

संध्याकाळी दीर सहज म्हणून डोकावला. खुर्चीत बसायच्या आधीच त्याला हसू फुटलं होतं.

"वहिनी, आठ प्लग झाले म्हणे! इंजिन मोठं केलंत की दुकान काढताय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊजी?"

"आईनं."

सासूबाई निवांतपणे स्वेटर विणत होत्या. "मी कुणाला काही सांगत नाही हो. त्यानं विचारलं, काय चाललंय, म्हणून म्हटलं."

"वहिनी, मनावर घेऊ नका. घाटातले फोटो मी पाठवीन तुम्हाला."

"पाठवा ना. मीच असेन त्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्या स्वतः दुकानात गेल्या. दुकानदारानं दोन्ही कंपन्यांचे आकडे जोडून दाखवणारी यादी उघडली. हवा होता तो दुसऱ्या कंपनीचा सात नंबर, आणि तो पहिल्या दिवसापासून फळीवर समोरच होता. डॉक्टरबाईंनी खोकं उचललं. दुकानदारानं आदबीनं पावती फाडली. त्याचं दाताचं काम अजून राहिलंच होतं.

घरी येऊन त्यांनी खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हे थंड प्लग आहेत. फार मुश्किलीनं मिळालेत. चार वाजता मिस्त्री येतील, तोवर यांना काही होता कामा नये."

चार वाजता त्या दवाखान्यातून परतल्या, मिस्त्री आले आणि टेबल रिकामं होतं.

"आई, इथलं खोकं?"

"ठेवलंय नीट," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "टेबलावर उन्हाची तिरीप येत होती. तू एवढी थंड, थंड म्हणून सांगून गेलीस आणि ते तसेच तापत पडले होते! फ्रीजरमध्ये टाकलेत. मटाराच्या मागं बघ."

मिस्त्रींनी खोकं बाहेर काढलं. त्यावर पांढरं दव धरलं होतं. ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"बाई, मी एक नंबर म्हटलं होतं."

"ऐका ना मिस्त्री, बिघडलेत का?"

"बिघडायला काय झालंय? चिनी माती आणि धातू. पण ओले लावता येणार नाहीत."

मग चार प्लग पंख्याखाली कोरड्या फडक्यावर ओळीनं मांडले गेले. तासाभरानं डॉक्टरबाईंनी प्रत्येक पुसला आणि पातळ पातं सरकवून त्याच्या टोकाची फट तपासली. ज्या हातांनी आयुष्यभर दातांच्या फटी पाहिल्या, त्यांना पाऊण मिलिमीटर म्हणजे मोकळं मैदान होतं. संध्याकाळी गाडी सुरू झाली तेव्हा अडखळणं साफ गेलं होतं. सासूबाईंना वाटलं, फ्रीजरचा गुण. त्यांनी तसं धाकट्या लेकाला फोन करून सांगितलंही. कुणाला सांगायचं म्हणून नव्हे, त्यानं विचारलं, काय चाललंय, म्हणून.

रविवारी धावपट्टीवर आधी दीर धावला. सुरुवात झकास झाली, पण शेवटच्या टप्प्यात त्याची गाडी जरा ठसकली. चोवीस पूर्णांक सहा सेकंद. मग डॉक्टरबाई निघाल्या. त्यांनी शेवटपर्यंत पाय उचलला नाही, आणि गाडीही कुठं अडखळली नाही. चोवीस पूर्णांक तीन.

त्या गाडीतून उतरतात तोवर दीर क्लबच्या तपासनीसांपाशी पोचला होता. तपासनीस नियमावली छातीशी धरून झोपणारे गृहस्थ होते.

"माझी हरकत आहे. इंजिनाचा कुठलाही भाग बाहेरून थंड करून आणायचा नाही, असा नियम आहे ना? वहिनीचे प्लग फ्रीजरमधले आहेत."

"भाऊजी!"

"खोटं आहे म्हणा वहिनी, मी गप्प बसतो."

डॉक्टरबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. "होते," त्या म्हणाल्या. "काल. मटाराच्या मागं. पण—"

"पुरे," तपासनीस म्हणाले. "बॉनेट उघडा. हाताला थंड लागले तर वेळ रद्द."

दोन वर्षं हुकलेली जागा आता मटारापायी जाणार, असं क्षणभर डॉक्टरबाईंना वाटलं. पण क्षणभरच. पदार्थविज्ञान त्यांच्या बाजूला होतं.

मिस्त्रींनी प्लगवरची कॉइल बाजूला करून पाना फिरवला. "साहेब, हातमोजे घाला."

"हातमोजे घातले तर थंडपणा कळणार कसा?" तपासनीस म्हणाले, आणि त्यांनी प्लग दोन बोटांत पकडला.

त्यांनी जो आवाज काढला तो दवाखान्यातही डॉक्टरबाईंनी क्वचितच ऐकला होता. प्लग टणकन जमिनीवर पडला.

"साहेब, काय निर्णय?" वेळा टिपायला आलेल्या यजमानांनी पेन उघडून विचारलं.

"गरम!" तपासनीस बोटं झटकत ओरडले. "लिहा, गरम! हरकत फेटाळली!"

दीर मनानं वाईट नव्हता. म्हाताऱ्या माणसाची बोटं लाल झालेली पाहून त्याला राहवेना. "थांबा साहेब, माझ्या डिकीत बर्फ आहे," असं म्हणत तो पळाला आणि निळी शीतपेटी घेऊन आला. तपासनिसांनी अधीरपणे तिच्यात हात खुपसला आणि सुस्कारा सोडला. मग त्यांचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत एक प्लग होता.

सगळे दिराकडे पाहू लागले.

"हे... हे जादाचे आहेत," दीर म्हणाला. "बसलेत तेही रात्रभर यातच होते. आई म्हणाली, वहिनीला गुण आला, म्हणून..."

तपासनिसांनी प्लग गालाला लावून पाहिला. "हा मात्र नक्की थंड आहे. डॉक्टरबाई, तुमची हरकत नोंदवू?"

डॉक्टरबाईंनी तो त्यांच्या हातून घेतला, चष्मा वर सरकवला आणि प्लगवरचा बारीक आकडा वाचला. कंपनीचं नावही वाचलं.

"पहिल्या कंपनीचा सहा नंबर, माझा भाजला होता तोच," त्या म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही, साहेब. हा गरमच आहे."